गच्चीची कड: जागा ठेवावी की बुजवावी?

मे महिन्यातल्या भर दुपारी साताऱ्यात किंवा कराडला गच्चीवर मोठा आवाज झाला, की खालच्या मजल्यावरचे लोक आधी छताकडे बघतात आणि मग कोयनेचं नाव घेतात. धक्क्यांची सवय असलेल्या मुलखात ते साहजिकच आहे. पण वर जाऊन पाहावं तर गच्चीच्या मधोमध दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिलेल्या असतात आणि बाकी सगळं जागच्या जागी. भूकंप झालेलाच नसतो. फरशी तापली, पसरायला गेली, चारही बाजूंना कठडा आडवा आला आणि कडेला तिच्यासाठी करंगळीच्या नखाएवढीही जागा कुणी ठेवलेली नव्हती.

ही जागा ठेवावी का, किती ठेवावी आणि कशानं भरावी, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण गच्ची, घरापुढचा उंच ओटा, सोसायटीच्या पार्किंगवरचं फरसबंद अंगण, देवळाचा चौथरा, हॉटेलबाहेरचा लाकडी मंच, जिथे जिथे उघड्यावर उंच सपाट जमीन तयार केली जाते, तिथे तिथे तो हजर असतो. आणि त्यावर मिळणारी उत्तरं एकमेकांशी भांडतात. मानक संस्थेची पुस्तकं सांधा ठेवा म्हणतात. मिस्त्री म्हणतो, फट ठेवली की गळणारच. फरशीचा दुकानदार फट राखणारे स्पेसर खपवतो, पण घरमालकाला फरशी बिनफटीचीच हवी असते. वॉटरप्रूफिंगवाला कठड्याच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारून सगळं बंद करतो आणि दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो. या सगळ्यांचं म्हणणं मांडून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की प्रत्येक जण अर्धं बरोबर सांगतो. हलणं आणि गळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण दोन्ही प्रश्नांचं काम एकाच सिमेंटच्या थराकडे सोपवून मोकळे झालो आहोत.

आधी हलण्याचं बघू. काँक्रीट दर अंशाला, दर मीटरमागे, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतकं पसरतं. आकडा नगण्य दिसतो. पण सांगलीत एप्रिल-मेमध्ये हवा चाळिशीला टेकते तेव्हा उघड्या, करड्या कोब्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास जातो, आणि पौषातल्या पहाटे तोच कोबा पंधरा अंशांच्या घरात उतरतो. फरक पंचेचाळीस अंशांचा धरला तर दहा मीटर लांबीच्या गच्चीचा वरचा थर साडेचार मिलिमीटरनं कमीजास्त होतो. सिमेंटच्या थराला साडेचार मिलिमीटर म्हणजे फार. त्याला दाबून धरलं तर तो उचलला जातो, ताणून धरलं तर तडकतो.

वर्षाचा हा फरक निदान सावकाश येतो. घात करतो तो वळीव. दुपारभर भाजलेल्या गच्चीवर चारच्या सुमाराला गार पाण्याची सर येते आणि वरचा इंच-दीड इंचाचा थर अर्ध्या तासात वीस-पंचवीस अंशांनी उतरतो, खालचं काँक्रीट मात्र तापलेलंच असतं. वरच्याला आकसायचं असतं, खालचा त्याला आकसू देत नाही. केसाएवढ्या भेगा त्या वेळी उघडतात आणि त्याच पावसाचं पाणी त्यांत शिरतं. ‘पहिल्याच पावसात गळायला लागलं’ ही तक्रार आपल्याकडे सार्वत्रिक आहे. दोष बहुतेक वेळा पाण्याला दिला जातो, पण त्याच्या आधी उन्हानं काम केलेलं असतं.

दुसरी भानगड अशी, की गच्चीवरचे सगळे पदार्थ सारखे पसरत नाहीत. पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ बरोबरीनं पसरतात, म्हणून तर आरसीसी टिकतं. वीटकाम त्याच्या साधारण निम्म्यानं पसरतं. ॲल्युमिनियम दुपटीनं. आणि पावसाचं पाणी उतरवणारा पीव्हीसी पाइप पाच ते सात पटींनी. म्हणून गच्चीची गळती शोधायची असेल तर आधी दोन ठिकाणी बघावं: पाइपाच्या तोंडाशी आणि कठड्याच्या मुळाशी. कठडा विटांचा, स्लॅब काँक्रीटचा, मध्ये कोबा. उन्हात स्लॅब आणि कोबा बाहेरच्या अंगाला सरकू पाहतात आणि कठड्याला ढकलतात. भारतीय मानक संस्थेनं, म्हणजे आजच्या भारतीय मानक ब्यूरोनं, १९८४ साली भेगांची कारणं आणि उपाय यांवर एक हस्तपुस्तिका काढली, एसपी २५. सपाट छताखाली शेवटच्या मजल्याच्या भिंतींना कुठे आडवी आणि कुठे तिरकी भेग जाते, ती का जाते, हे तिच्यात आकृत्यांसह दिलं आहे. बाहेरून स्लॅबच्या पातळीवर कठड्याखाली जी सरळ आडवी रेघ दिसते आणि जिच्यावर दर दिवाळीला पुट्टी भरून रंग दिला जातो, ती हीच. पुढच्या उन्हाळ्यात ती परत येते, कारण तिचं कारण रंगात नसतं.

या मुलखातले जुने लोक हे सारं गणित न मांडता कसं निभावत होते, ते पाहण्यासारखं आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत माळवदाची घरं होती, काही अजून आहेत. तुळया, त्यांवर लाकडाच्या पट्ट्या, मग पाला नाहीतर काटक्या, चिखल आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाच्या आधी माळवदावरचं गवत काढायचं, नवी माती पसरायची, चोपायची. ही माती उन्हात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगून स्वतःच्या भेगा स्वतः मिटवते. म्हणजे हलायला जागा देणं आणि पाणी अडवणं ही दोन्ही कामं तिथेही एकाच थराकडे होती, पण तो थर मऊ होता. त्याची किंमत दरवर्षीच्या राबण्यात मोजली जायची. आणि वजनातही. माळवदाचं फार कौतुक करू लागलं की मला १९९३ च्या भूकंपातलं किल्लारी आठवतं, जिथे दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. तेव्हा ते परत आणा असं कुणी म्हणू नये. पण त्यातली एक गोष्ट मानकांनीही मान्य केली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

पश्चिमेला, जावळी-पाटणच्या पावसात, छप्पर कौलारू. कौल कौलावर नुसतं बसवलेलं असतं, जखडलेलं नसतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न उभाच राहत नाही. नदीकाठी मात्र वेगळा नमुना दिसतो. वाई, मेणवली, संगम माहुली इथले कृष्णेचे घाट म्हणजे उघड्यावरचे भलेमोठे दगडी चौथरेच. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ १७३५ च्या सुमाराचं, वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा, मेणवलीचा घाट नाना फडणवीसांच्या वाड्यालगतचा. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे, मध्ये बारीक दरजा, कुठे चुना, कुठे नुसता दगडावर दगड. प्रत्येक चिरा लहान, म्हणून प्रत्येकाचं पसरणंही लहान, आणि ते शेकडो दरजांत वाटलं जातं. चुना सिमेंटपेक्षा मऊ असतो आणि बारीक भेग गेली तर पाण्यात विरघळलेला चुना तिथे पुन्हा साचून ती काही अंशी भरून काढतो. याच दरजांत पिंपळ उगवतो हेही खरं. पण पिंपळ उपटायचा सोडून दरजा सिमेंटनं लिंपायची जी हौस आहे, ती घाटाला पिंपळाइतकीच घातक आहे. सिमेंट दगडाला हलू देत नाही, आतली ओल बाहेर येऊ देत नाही, आणि काही वर्षांनी चिऱ्याची कडच फुटते.

मग आरसीसी स्लॅब आला. गावोगाव तो आला तेव्हा त्याच्या पाठोपाठ ब्रिकबॅट कोबा आला. विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून ढाळ काढायचा, कडेला कठड्यावर फूटभर चढवायचा, वर सिमेंटचा लेप घोटायचा आणि लेप ओला असताना दोरीनं चौकोन पाडायचे. या चौकोनांबद्दल थोडं सांगायला हवं. ते सांध्यासारखे दिसतात, पण सांधे नव्हेत. रेघ दोन-तीन मिलिमीटर खोल असते, खालचा सारा कोबा अखंडच असतो. त्यांचा उपयोग इतकाच, की बारीक तडे वेडेवाकडे जाण्याऐवजी रेघेतून जातात आणि डोळ्याला खुपत नाहीत. पुष्कळ घरमालकांना, आणि काही इंजिनिअरांनाही, हे चौकोन म्हणजेच एक्सपान्शन जॉइंट वाटतात. चायना मोझॅकचंही तसंच. फुटक्या टाइलच्या तुकड्यांमधल्या असंख्य दरजा ताण थोडाफार वाटून घेतात, पांढरा रंग ऊन परतवतो आणि म्हणून तो करड्या कोब्यापेक्षा बरा टिकतो. पण कठड्याला घट्ट भिडवलेला चायना मोझॅकही कडेलाच फुटतो.

आता पुस्तकांकडे. इथे सगळ्यांत मोठा घोटाळा एका आकड्यानं केला आहे. आयएस ४५६, म्हणजे आरसीसीचं मूळ मानक, असं सांगतं की ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला एक किंवा अधिक एक्सपान्शन जॉइंट असावेत. हा आकडा प्रत्येक ठेकेदाराला पाठ असतो. ‘आपलं घर बारा मीटरचं, आपल्याला कशाला जॉइंट?’ हा युक्तिवाद त्यातून निघतो. पण ४५ मीटरची मर्यादा आहे ती इमारतीच्या सांगाड्याची, खांब-तुळया-स्लॅबची. वरच्या कोब्याची, फरशीची, कठड्याची गोष्ट निराळी. त्यासाठी १९६८ सालचं आयएस ३४१४ आहे, ते फार कमी लोक उघडतात. छज्जे, बाल्कन्या आणि कठडे यांना ६ ते १२ मीटरवर सांधा ठेवा, असं ते सांगतं. उघड्या, पातळ स्लॅबला १५ मीटरवर. आणि भिंतींवर टेकलेल्या ज्या स्लॅबवर मातीचा किंवा उष्णता अडवणारा थर घातलेला असतो, त्याला २० ते ३० मीटरपर्यंत सूट. माळवदातली मघाशी राहिलेली गोष्ट हीच: माती घातलेलं छत कमी तापतं, म्हणून कमी हलतं. म्हसवडच्या म्हातारीला हे सांगायला मानक लागलं नसतं.

फरशीचे आकडे आणखी कडक आहेत. अमेरिकेतल्या टाइल कौन्सिलची हस्तपुस्तिका उघड्यावरच्या फरशीला दोन्ही दिशांनी दर ८ ते १२ फुटांवर मऊ सांधा मागते, आणि फरशी जिथे भिंतीला, खांबाला, कठड्याला भिडते तिथे कडेनंही मागते. घरातल्या फरशीला तीच पुस्तिका वीस-पंचवीस फुटांची मोकळीक देते. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. हॉलमध्ये बसवलेली दोन बाय दोनची चकचकीत फरशी आवडली म्हणून तीच गच्चीवर, तशीच जोडून बसवतात. व्हिट्रिफाइड फरशी स्वतः काँक्रीटपेक्षा कमीच पसरते, मग ती उचलते का, असं कुणी विचारेल. कारण तिच्याखालचा ताजा सिमेंटचा बेड वाळताना दर मीटरला साधारण अर्धा मिलिमीटर आकसतो, फरशी आकसत नाही, त्यामुळे ती पहिल्यापासूनच दाबात बसलेली असते. त्यात ऊन तिला खालच्या बेडच्या आधी तापवतं. दाब वाढत जातो आणि जिथे पकड कच्ची, तिथे एक दिवस सुटतो. म्हणून फरशी बहुधा कडेला नव्हे, मधोमध उचलते, आणि मालक मधल्या फरश्यांच्या मागे लागतो, कडेकडे बघतच नाही.

इथे मिस्त्रीची बाजू ऐकायला हवी, कारण तो चुकीचं बोलत नाही. त्याचं म्हणणं: साहेब, कठड्याच्या कडेला तुम्ही अर्धा इंच फट ठेवा म्हणता, पण गच्चीचं सगळं पाणी ढाळानं कडेलाच येतं. फट ठेवली तर ते थेट स्लॅबवर जाईल. वाटा मारला की कोपरा गोल होतो, पाणी थांबत नाही. आणि हे खरंच आहे. ब्रिकबॅट कोब्यात कोबा हाच ढाळ, तोच पाणी अडवणारा थर आणि तोच चालायचा पृष्ठभाग. अशा कोब्याला कडेनं कापलं तर तो पाणी अडवणार कसा? म्हणजे नुसतं ‘फट ठेवा’ असं सांगणारं मानक आणि नुसतं ‘बुजवा’ म्हणणारा मिस्त्री, दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि घर मात्र गळतंय.

याचं उत्तर सातारा जिल्ह्यातच, काँक्रीटमध्ये ओतून, साठ वर्षांपासून उभं आहे. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब, पण ते एकसंध भिंत म्हणून बांधलेलं नाही. सुमारे १५ मीटर रुंदीचे उभे ठोकळे शेजारी शेजारी रचलेले आहेत आणि मध्ये सांधे आहेत. इतकं काँक्रीट एकदम ओतलं तर गार होताना ते आपल्या मनानं फुटेल, त्यापेक्षा कुठे फुटायचं ते आपणच ठरवून दिलेलं बरं. आणि मग शिवसागर जलाशयाचं पाणी त्या सांध्यांतून का येत नाही? कारण अशा धरणांत सांध्याच्या आत, पाण्याच्या बाजूला, धातूची किंवा रबराची लवचीक पट्टी आडवी बसवलेली असते. हलण्याचं काम सांध्याकडे, अडवण्याचं काम पट्टीकडे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं धरणाच्या वरच्या भागात भेगा पाडल्या, पुढे त्याला आधार देऊन मजबूत करावं लागलं, पण धरण उभं राहिलं. कोट्यवधी लिटर पाणी अडवणाऱ्या बांधकामाला फटी चालतात, आणि आपल्या पाचशे चौरस फुटांच्या गच्चीला मात्र त्या चालत नाहीत, हे जरा नवलच.

गच्चीवर हीच वाटणी अशी करता येते. स्लॅबवर आधी ढाळाचा थर. कठड्याच्या मुळाशी त्यातच वाटा. त्याच्यावर पाणी अडवणारं लवचीक पटल, मग ते डांबरी शीट असो की ब्रशनं लावायचं रसायन. हे पटल अखंड, कठड्यावर फूटभर चढवलेलं, आणि वरची कड कठड्यातल्या खाचेत दाबून बंद केलेली. त्यावर संरक्षणाचा थर आणि फरशी, आणि हे वरचे दोन थर कठड्यापासून निदान दहा-बारा मिलिमीटर अलीकडे थांबवायचे. ही झाली कडेची फट. ती मऊ पदार्थानं भरायची. त्यातून चार थेंब आत गेले तरी खाली पटल आहेच. मिस्त्रीचा वाटाही राहिला, मानकाचा सांधाही. फक्त दोघं एकाच पातळीवर नाहीत, एकाखाली एक आहेत. सगळ्या वादाचा निकाल एवढ्यात लागतो, असं माझं मत आहे. जुन्या गच्चीवर, जिथे कोबाच सर्वस्व आहे, तिथे कोबा कापू नये. तिथे वरून पटल टाकावं, पांढरा रंग द्यावा, आणि नवी फरशी घालायची हौस आवरावी.

फट कशानं भरायची, यात सर्रास तीन चुका होतात. पहिली, सिमेंटनं. मग ती फट राहतच नाही. दुसरी, थर्माकोल ठेवून वरून सिमेंटचा हात. तेही तेच. तिसरी चूक सुशिक्षित: चांगलं पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट आणायचं आणि फटीत तळापर्यंत ठासायचं. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटावं, तळाला चिकटू नये. तिन्हीकडे चिकटलं तर ताणायला त्याला मोकळीक उरत नाही आणि मधोमध फाटतं. म्हणून आधी फेसाची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवायची आणि तिच्यावर सीलंट, रुंदीच्या निम्म्या खोलीचं. चांगलं सीलंट आपल्या रुंदीच्या पाव हिश्शाइतकं ताण-दाब सोसतं. चार मिलिमीटर हलणाऱ्या कडेला त्यामुळे सोळा मिलिमीटरची फट लागेल. पाच मिलिमीटरची फट ठेवून महागडं सीलंट भरणं म्हणजे पैसे पाण्यात. सीलंट कायमचं नसतं, उन्हात ते म्हातारं होतं. आठ-दहा वर्षांनी खरवडून नवं भरायचं, हे आधीच धरून चालावं. माळवदाची माती दरवर्षी बदलायची, त्या मानानं हे स्वस्त.

गच्चीवरून खाली उतरून ओट्याशी आलं की प्रश्नाचं रूप बदलतं. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते, की रानात भेगांमध्ये हात जातो. मिरज, तासगाव, वाळवा, पलूस या पट्ट्यात घराचा पाया खोल, मुरमावर नेलेला असतो, पण घरापुढचा ओटा आणि भोवतीची फरसबंदी मात्र भरावावरच बसवलेली. घर जागेवर राहतं, ओटा वर्षातून दोनदा वरखाली होतो. ओट्याचा कोबा भिंतीला एकजीव करून टाकला की तो भिंतीचा गिलावा ओढून काढतो, किंवा स्वतः मधून फुटतो, आणि त्या फटीतून पाणी थेट पायाशी जातं, जिथे ते जायला नको होतं. इथे कडेची फट उन्हासाठी नाही, मातीसाठी आहे. ती उभ्या दिशेलाही हलू शकली पाहिजे, म्हणजे ओट्याची सळई भिंतीत घुसवायची नाही, पायरी घराला बांधायची नाही. भरावात काळी माती न वापरता मुरूम घालून धुम्मस करणं आणि ढाळ घरापासून बाहेर ठेवणं हे त्याहून महत्त्वाचं. नुसत्या फटीनं वाईट भराव सुधारत नाही.

सांगलीत यात पुराची भर पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरं धुतली, फरश्या घासल्या, पण ओट्याच्या आणि पार्किंगच्या सांध्यांत शिरलेला गाळ तसाच राहिला आणि वाळून विटेसारखा घट्ट झाला. गाळानं भरलेली फट उन्हाळ्यात दबत नाही, म्हणजे असून नसल्यासारखी. पुरानंतरच्या साफसफाईच्या यादीत सांध्यातला गाळ काढणं हे काम असायला हवं.

शेतातल्या खळ्यांचंही थोडं असंच आहे. हळद वाळवायला काँक्रीटचे मोठे ओटे झाले, सोय झाली, पण बरेचसे एका दमात, सांध्याशिवाय ओतलेले. ते पहिल्या वर्षी वाटेल तिथे तडकतात आणि भेगांत हळकुंडाचे तुकडे अडकतात. तीन-तीन मीटरचे तुकडे पाडून, एकाआड एक ओतले असते तर हे टळलं असतं. खर्च वाढत नाही, दिवस वाढतात.

महाबळेश्वर-पाचगणीची गोष्ट या साऱ्यापासून वेगळी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तर जत-आटपाडीला पाचशेच्या आसपास. वर तापमानाचा फरक कमी, ओलीचा जास्त. तिथे हॉटेलं आणि बंगल्यांपुढे दरीकडे तोंड करून लाकडी किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिकच्या मिश्रणाच्या) फळ्यांचे मंच उभारतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं. मेमध्ये अंगाला अंग लावून ठोकलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना रेटून खिळे उचकटतात. डब्ल्यूपीसीचं उलट, त्यातल्या प्लॅस्टिकमुळे ते लांबीत, उन्हानं पसरतं, काँक्रीटच्या तीन-चार पट. म्हणजे एकाला बाजूची फट महत्त्वाची आणि दुसऱ्याला टोकाची. सुतार तोच, सवय लाकडाची, त्यामुळे डब्ल्यूपीसीच्या फळ्या भिंतीला टेकवून कापल्या जातात आणि पहिल्या उन्हाळ्यात कमानी होतात. मंच भिंतीपासून सुटा ठेवणं मात्र दोन्हींत सारखंच गरजेचं, कारण तिथल्या झडीच्या पावसात भिंत आणि मंच यांच्यामध्ये पाणी साचलं की ते दसऱ्यापर्यंत वाळत नाही.

राहता राहिला पत्रा. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली कुठेही उंचावरून नजर टाका, निळ्या-हिरव्या पत्र्याच्या शेडखाली गेलेल्या गच्च्या दिसतील. वास्तुविशारद त्यावर नाक मुरडतात. शहर विद्रूप होतं हे खरं, परवानगीचा प्रश्नही असतो. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर पत्रा एकाच फटक्यात दोन्ही प्रश्न सोडवतो: ऊन अडवतो म्हणून स्लॅब हलत नाही, पाऊस अडवतो म्हणून गळत नाही. गळक्या गच्चीवर तीनदा रसायनं लावून कंटाळलेल्या माणसानं पत्रा टाकला तर त्याला हसण्याचा अधिकार त्याच्या इंजिनिअरला नाही. फक्त शेडचे खांब कोबा फोडून स्लॅबमध्ये रोवले, तर वादळी पावसात पाणी नेमकं त्या भोकांतून उतरतं, एवढं ध्यानात ठेवावं.

फ्लॅटवाल्यांना कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं विकासकावर बंधनकारक आहे. पाच वर्षं उलटली की गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते, वरच्या मजल्यावरच्या एकट्याच्या नाही. पण ही भांडणं नंतरची. आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत वॉटरप्रूफिंगची ओळ असते, फरशीची असते, रंगाची असते, कडेच्या सांध्याची बहुधा नसते, आणि जे लिहिलेलं नाही ते काम कुणी करत नाही. तेव्हा गच्ची असो वा ओटा, काम ठरवतानाच कडेचा सांधा वेगळी बाब म्हणून लिहून घ्या: किती मिलिमीटर, कुठून कुठे, कशानं भरणार, त्याखाली पटल कोणतं. ती ओळ कागदावर येईपर्यंत सिमेंटचं पोतं फोडू देऊ नका.